प्रथमोपचार : लेखांक सातवा – पान लागल्यावर

भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडत राहावे, हा उपाय मागील लेखांकात सांगितला होता. तेथे घरच्या माणसांच्या हातांना निदान काही काम होते. आजचा विषय सर्पदंशाचा असून त्यात करावयाच्या गोष्टी थोड्या, टाळावयाच्या पुष्कळ, आणि घाबरलेल्या मंडळींना स्वस्थ बसवणे हेच सर्वांत कठीण, अशी स्थिती आहे.

आपल्या मुलखात साप चावला असे सरळ म्हणण्याचीही चोरी असते. ‘पान लागले’ किंवा ‘जनावर लागले’ एवढेच बोलून माणसे भगताकडे किंवा देवळाकडे धाव घेतात. हा धाक निराधार म्हणता येणार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे; आणि त्यांत बहुसंख्य मृत्यू खेड्यापाड्यांतले व पावसाळ्यातले. यांपैकी बहुतेकांचे बळी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांनी घेतलेले असतात. पैकी फुरसे वीतभर किंवा त्याहून थोडे लांब, पण कोकणच्या कातळावर त्याचा सुळसुळाट एवढा की, इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात ते मारून आणणारास सरकारातून इनाम मिळत असे.

या चौघांची विषे दोन मार्गांनी घात करतात. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंचा स्नायूंवरील अंमल काढून घेते. प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, मग बोलणे आणि गिळणे अवघड होते, आणि अखेरीस श्वासोच्छ्वासाचे स्नायू थांबतात. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती खर्ची पडते, हिरड्यांतून व जुन्या जखमांतून रक्त झिरपू लागते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होण्याची भीती असते. यांत मण्यारीची रीत सर्वांत फसवी. ती रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेतच चावते, वेदना किंवा सूज जवळजवळ नसते, दातांच्या खुणाही पुष्कळदा सापडत नाहीत. आणि पहाटे पोटात कळा येऊन पापण्या उचलेनाशा झाल्या, म्हणजे घरची माणसे ओव्याचे पाणी देत बसतात. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर निजलेला माणूस सकाळी असा उठला, तर सापाचा संशय सर्वांत आधी घ्यावा.

विष प्रथम शरीरात पसरते ते मुख्यत्वे रसवाहिन्यांतून, आणि या वाहिन्यांतला रस पुढे ढकलला जातो तो स्नायूंच्या हालचालीने. म्हणून दंश झालेल्या माणसाने धावणे, एवढेच काय, चालत इस्पितळात जाणेही, विषाला वाट करून देण्यासारखे आहे. त्याला धीर देऊन निजवावे. मोडलेल्या हाडाला बांधतो त्याप्रमाणे दंशाचा हात किंवा पाय फळीचा अथवा काठीचा आधार देऊन सैलसर बांधावा. आणि सूज चढण्यापूर्वीच अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ काढून घ्यावे. शुद्ध हरपू लागली किंवा वांती होऊ लागली तर डाव्या कुशीवर वळवावे. दंशाची वेळ कोठेतरी टिपून ठेवावी. मग १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती वेळेवर पोहोचण्याजोगी नसेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे, आणि वाहन दुचाकीच असेल तर रोग्यास चालविणारा व पाठीमागचा मनुष्य या दोघांच्या मध्ये धरून बसवावे.

आता निषेधाची यादी. दंशाच्या वर करकचून दोरी बांधू नये, कारण तिने विष अडत नाही, मात्र फुरसे-घोणशीच्या विषाने आधीच पोळलेला अवयव रक्तावाचून कुजण्याचा संभव वाढतो; आणि कोणी अगोदरच ती आवळली असेल, तर वाटेत एकदम सोडण्याचे धाडस न करता ते काम डॉक्टरांच्या समक्ष होऊ द्यावे. पात्याने चीर देऊ नये, विशेषतः ज्याचे रक्तच गोठत नाही अशाला. तोंडाने विष ओढू नये, बर्फ लावू नये, कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चावावयास देऊन विषाची परीक्षा पाहू नये, जखमेला कोंबडी लावू नये. साप मारण्यासाठी त्याचा पाठलागही करू नये, कारण त्यात वेळ जातो आणि प्रसंगी दुसरा माणूस अंथरुणावर पडतो.

मग भगताने उतरवलेली माणसे वाचतात कशी, हा प्रश्न कोणीही करील. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापाचाही प्रत्येक दंश विष सोडतोच असे नाही. तेव्हा जो मुळात मरणारच नव्हता, त्याच्या प्राणाचे श्रेय मंत्राच्या खाती जमा होते, आणि जो मरतो, त्याची नोंद दैवाच्या दप्तरी पडते.

खरा उतारा आहे तो प्रतिविषाचा. घोड्याला सापाचे विष अत्यल्प मात्रेपासून वाढवीत टोचले, म्हणजे त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध केली की औषध सिद्ध होते. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी स्थिरावलेली आणि १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाणारी संस्था या कामासाठी महाराष्ट्राला परिचित आहे. आपल्याकडचे प्रतिविष उपरोक्त चारही सापांवर एकत्रच चालते, म्हणून साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाहीत. आणि साप लहान मुलाला पाहून विष कमी सोडीत नसल्यामुळे मुलांनाही मात्रा मोठ्यांइतकीच लागते. इस्पितळात डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवतात आणि मग नळी कलती करून ते गोठले की नाही हे पाहतात. या वेळी ‘नुसते बसवून ठेवले’ अशी तक्रार नातेवाइकांनी करू नये, कारण औषधाचा निर्णय पुष्कळदा त्या नळीवरच ठरतो. प्रतिविषाची काहींना तीव्र ॲलर्जी होत असल्यामुळे ते घरी किंवा वाटेत टोचण्याची वस्तू नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वाचकांस विनंती एवढीच की, मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी आपल्या घराजवळच्या कोणत्या इस्पितळात प्रतिविष हमखास असते आणि रात्री तेथे डॉक्टर हजर असतात काय, याची जातीने चौकशी करून ते नाव घरातील सर्वांना, निदान बोलत्या मुलापर्यंत, पाठ करून द्यावे. आणि निजलेल्यास मण्यार चावू नये म्हणून त्याच फेरीत बाजारातून एक मच्छरदाणी आणून तिच्या कडा गादीखाली नीट खोचून निजण्याची सवय लावावी.

(पुढील लेखांक : विंचूदंश)