सोबत्याकडून शिकताना

दिवाळी आटोपली, की अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील गावांमधून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची बिऱ्हाडे गाडीवर चढतात, आणि आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ज्यांची सोय लागली नाही अशी मुले आई-बापांबरोबर फडावर जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, तेव्हा हजेरीपटावर नाव शाबूत असले तरी वर्गाचा अभ्यास त्यांना मागे टाकून फार पुढे निघून गेलेला असतो. अशा मुलांकरिता शासनाने शिक्षण हमी कार्डाची तजवीज केली, हे उचितच झाले; तथापि बुडालेले गणित कोणीतरी शेजारी बसूनच शिकवावे लागते, आणि साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला शिक्षण हक्क कायद्याने दोन शिक्षक मिळतात, त्यांच्या वाट्याला चार-पाच इयत्ता येतात. अशा वेळी दुसरे मूल हाच सर्वांत जवळचा शेजारी ठरतो.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवणाऱ्या लहानग्यांकडून वरची मुले उजळणी करवून घेत. मद्रासजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाची देखरेख १७८९ मध्ये हाती घेतलेल्या डॉ. अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, आपल्या शिक्षकांना ती पद्धत रुचेना म्हणून जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे अक्षरांचा वर्ग सोपविला, आणि १७९७ मध्ये त्या प्रयोगाची हकीकत लंडनमध्ये छापली. पुढे जोसेफ लँकेस्टरने याच धर्तीवर शेकडो मुले एका मास्तराच्या हाताखाली बसविली. स्वस्ताई साधली, परंतु माझ्या मते तेथेच मूळ हेतू हरवला, कारण शिकविणारा मुलगा सोबती न राहता टोळीवरचा मुकादम झाला.

खरे मर्म निराळे आहे. ४०२ मधून १७८ वजा करावयाचे आहेत. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून उसना घ्यावा, तर दशकाच्या घरात शून्य! "शून्याकडून काय उसनं घ्यायचं गं?" असे मैत्रिणीने विचारले, की जिला हे उदाहरण बिनचूक येते तीही क्षणभर थबकते, त्या शून्याचे नऊ होतात एवढे तिला पाठ असते, का होतात हे नसते. मग दोघी काड्यांचे गठ्ठे पुढे घेतात, शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक मांडतात, त्यांतला एक दशक सोडून सुट्या काड्या करतात, आणि नऊ दशक डोळ्यांदेखत शिल्लक राहतात. या घटकेला शिकविणारीही शिकली. मूल एकट्याने जेथवर पोचते आणि जाणत्या सोबत्याच्या साहाय्याने जेथवर पोचू शकते, त्या दोहोंमधील अंतराकडे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी लक्ष वेधले होते. ज्याने तो उंबरठा नुकताच ओलांडला, त्याला तेथील अडखळण ताजी आठवते, ती आम्ही प्रौढ केव्हाच विसरून गेलेलो असतो.

याकरिता शिक्षकाला आधी पुष्कळ राबावे लागते. कोणाला कोणाजवळ बसवायचे, उत्तर न सांगता "तू काय केलंस ते सांग" असे विचारायला मुलांना कसे लावायचे, आणि चूक कायम होण्यापूर्वी कोणत्या जोडीपाशी थांबायचे, हे त्यालाच ठरवावे लागते. सर्वांत जपायचे ते हे, की तेच एक 'हुशार' मूल वर्षभर शिकविणारे आणि तेच एक 'कच्चे' मूल वर्षभर ऐकणारे, असा शिरस्ता पडू नये. गावात जी उतरंड आहे, ती अशाने वर्गात नव्या नावाने येऊन बसते. फडावरून आलेल्या मुलाचे वाचन कदाचित मागे पडले असेल, पण एका खेपेत किती मोळ्या चढतात, टनाचा भाव काय, मुकादमाची उचल मजुरीतून कशी वळती होते, हे त्याला ठाऊक असते. गुणाकार-वजाबाकीचे पुढले उदाहरण शिक्षकाने या व्यवहारावर घालावे, आणि फळ्यापाशी खडू त्याच्या हाती द्यावा.