जुन्या सांध्यात पुन्हा वीज

घाटकोपरहून अंधेरीमार्गे वर्सोव्याला जाणारी मेट्रो १४३५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावते. या आकड्याला ८७ने भागलं की येतात साडेसोळा मिलिमीटर. ‘एचओ’ म्हणजे १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचे रूळ बरोबर तेवढ्याच अंतरावर असतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेल्या संग्रहालयात याच मापाच्या गाड्या बघायला मिळतात.

अशा मॉडेलच्या सेकंडहँड रुळांत सर्वांत आधी दगा देतो तो सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग. मॉडेलच्या इंजिनाला साधारण १२ व्होल्टची वीज रुळांतूनच मिळते. बऱ्याच जुन्या सांध्यांत सरकत्या पट्टीला ही वीज शेजारच्या रुळाला टेकल्यावरच मिळते. तिथे मळ किंवा गंज धरला की इंजिन सांध्यावरच थांबतं. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत पितळी रूळ तर लवकर काळवंडतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली सुती चिंधी पट्टीच्या रुळाला टेकणाऱ्या बाजूवरून फिरवा. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा साचतो. मग पट्टी रुळाला टेकवून मल्टिमीटरने जोड तपासा. तरीही वीज तुटत असेल, तर बारीक, लवचीक तार डाख देऊन पट्टी रुळाला जोडा. मात्र दोन्ही पट्ट्या विजेच्या दृष्टीने एकमेकींपासून वेगळ्या आहेत ना, हे आधी पाहा. नाहीतर शॉर्टसर्किट होईल.

सांधा हलवणाऱ्या दोन वेटोळ्यांच्या मोटरला क्षणभरच वीज द्या. बटण दाबून धरलं, तर वेटोळं जळतं. एवढी काळजी घेतली, तर जुना सांधा टाकून द्यायची वेळ सहसा येत नाही.