सिस्टरच्या सुट्टीचा हिशेब

अम्मीला अर्धांगाचा झटका आला होता. रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "नळीतून अन्न द्यावं लागेल, दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल. एखादी सिस्टर ठेवा." ब्यूरोला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पंचविशीतली एक मुलगी दारात हजर झाली. दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम केलेली. तिनं आधी अंथरुणाच्या सुरकुत्या काढल्या आणि म्हणाली, "काका, अम्मींच्या पाठीला जखम होऊ द्यायची नाही. बाकीचं बघता येईल." पुढची दोन वर्षं अम्मी अंथरुणातच होती, पण पाठीला जखम झाली नाही.

एकदा ती तापानं चार दिवस आली नाही. ब्यूरोनं बदली सिस्टर पाठवली, आमचं काही अडलं नाही. पाचव्या दिवशी ती उतरलेल्या चेहऱ्यानं आली. मी म्हटलं, "अजून दोन दिवस विश्रांती घ्यायचीस." ती म्हणाली, "काका, अजून दोन दिवस परवडले नसते."

हातात किती पडतात, हे मी तेव्हा कुठे तिला विचारलं. आम्ही ब्यूरोला रोजचे ९०० रुपये देत होतो. त्यातले ६५० तिला मिळत. आठवड्याच्या सुट्ट्या वजा जाता २६ दिवसांचे १६,९०० रुपये. चार दिवस ताप आला की २,६०० कमी.

आता ही रोजी बारा तासांची आहे, हे लक्षात घ्या. कारखान्यात दिवस आठ तासांचा धरतात आणि जादा तासांना दुप्पट दर देतात. त्या हिशेबानं बारा तासांची ड्यूटी सोळा तासांच्या मजुरीची होते. ६५० ला सोळानं भागा. तासाला साधारण चाळीस रुपये येतात. आपल्याला ९०० रुपये फार वाटतात, कारण आपण आपल्या खिशाकडे पाहत असतो.

पगाराच्या मागे आणखी एक पगार असतो, तो दिसत नाही. आजारपणाची रजा, विमा, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. कर्मचारी राज्य विमा योजनेचंच घ्या. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा आस्थापनेत, ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असणाऱ्यांना ती लागू होते. २०१९ मध्ये ठरलेल्या दरांनुसार मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. त्या बदल्यात औषधोपचार होतात आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के पगार मिळू शकतो. आमच्या सिस्टरच्या पगारावर मालकाचा वाटा महिन्याला साधारण ५५० रुपये झाला असता. तेवढ्यासाठी ती अंगात ताप असताना कामावर आली.

पण मालक कोण? ब्यूरो म्हणतो, "आम्ही फक्त गाठ घालून देतो." घरचे म्हणतात, "आम्ही पैसे ब्यूरोला देतो." दोघांच्या मध्ये ती उभी असते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांविषयी शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही पगार महिना २०,००० रुपयांच्या खाली नसावा. ती शिफारस रुग्णालयांपुरती होती. घरात तर एकच खाट असते.

मग आपण काय करावं? सिस्टर ठेवताना ब्यूरोला तीन प्रश्न विचारावेत. आमच्या पैशांतले तिला किती मिळतात? ते तिच्या बँक खात्यात जमा होतात का? तिचा विमा आणि निधी भरता का? प्रश्न विचारणारी घरं वाढली, तर उत्तरंही बदलतील. दुसरं, आठवड्याची सुट्टी पगारी द्यावी. आमच्या हिशेबात ते महिन्याचे २,६०० रुपये होते. सर्वांनाच ते जमेल असं नाही. पेन्शनवर चालणारी घरं मी पाहिली आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घ्यायला तिला मदत करावी. वर्षाला २० रुपये हप्ता आणि दोन लाखांचं अपघाती विमा संरक्षण. ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंद होते का, तेही पाहावं.

तिसरी गोष्ट मला उशिरा कळली. अम्मी गेली त्या पहाटे आमच्या घरात रडारड चालू होती. सिस्टर नेहमीप्रमाणे आठ वाजता आली, तिनं नळी काढली, बायकांना मदत केली आणि जनाजा उठेपर्यंत ती थांबली. महिनाअखेरीस ब्यूरोचं बिल आलं. त्यात तो दिवस नव्हता. आमची अम्मी गेली तेव्हाच तिची नोकरीही गेली होती, हे मला बिल हातात आल्यावर सुचलं. या कामात रुग्ण बरा झाला तरी नोकरी जाते आणि गेला तरी जाते. इतर नोकऱ्यांत नोटीस मिळते, नोटिशीचा पगार मिळतो. इथे काही नाही.

म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी ठरवून ठेवा. काम संपेल तेव्हा एका महिन्याचे पैसे तिच्या हातात द्यायचे. एकदम जमणार नसेल तर दरमहा थोडे बाजूला काढा. मी तिला नंतर शोधून काढलं आणि पैसे दिले. त्या दिवशीचेही दिले. ती तेव्हा दुसऱ्या घरी, दुसऱ्या आजींची कूस बदलत होती.