घरी गणित शिकवताना: कोणते पुस्तक, कोणत्या मुलासाठी

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांचे भाषा, परिसर, इतिहास अशा विषयांत सहसा अडत नाही. गोष्टीची पुस्तके, भटकंती, छोटे प्रयोग यांतून बरेच साधते. गणितात मात्र एकावर एक थर चढतात. दशक-एकक कच्चे राहिले तर हातचा कळत नाही, गुणाकार डळमळीत असेल तर भागाकार अडतो आणि अपूर्णांक नीट समजले नाहीत तर बीजगणित सुरू होताच ते उघडे पडते. त्यामुळे गणिताच्या अभ्यासक्रमाची निवड विचारपूर्वक करावी लागते.

ही निवड मुलाच्या वहीपासून सुरू व्हायला हवी. समजा, आठ वर्षांच्या मुलाला ५२ वजा २७ हे उदाहरण दिले आणि उत्तर ३५ आले. त्याने सातातून दोन आणि पाचातून दोन वजा केले. मोठ्यातून लहान वजा करायचे, एवढाच नियम त्याने धरला आहे. ५२ मधला एक दशक सुटा करता येतो, हे त्याच्या डोक्यात अजून शिरलेले नाही. दुसऱ्या मुलाचे उत्तर २५ हे बरोबर येते, पण बोटे मोजत, बऱ्याच वेळाने. तिसरे मूल मांडणीच करत नाही. २७ पासून ३० पर्यंत तीन, पुढे ५२ पर्यंत बावीस, म्हणजे पंचवीस, असे ते तोंडीच सांगून मोकळे होते. तिघेही वयाने तिसरीचे, पण तिघांना एकच पुस्तक चालणार नाही.

पहिल्या मुलाला हाताळायला वस्तू हव्यात. अमेरिकेतील स्टीव्ह डेमी यांचा ‘मॅथ-यू-सी’ हा अभ्यासक्रम रंगीत ठोकळ्यांवर उभा आहे. त्यात एक विषय हातात घेतला की तो पक्का होईपर्यंत सोडत नाहीत. बेरीज-वजाबाकीनंतर गुणाकार, मग भागाकार, मग अपूर्णांक, अशी पायरी-पायरीने पुस्तके येतात. कशात तरी अडकलेल्या मुलाला हा संथपणा मानवतो. मात्र ठोकळे परदेशातून मागवलेच पाहिजेत असे नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेतल्या, एक गठ्ठा मुलाकडून सोडवून घेतला, तर वजाबाकीतला दशक त्याला तितकाच स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात ‘नवनिर्मिती’सारख्या संस्थांनी अशा साधनांवर आधारलेले गणितशिक्षण अनेक वर्षे चालवले आहे.

दुसऱ्या मुलाला समज आहे, सराव नाही. अशांसाठी ‘सॅक्सन’ उपयोगी पडतो. अमेरिकेच्या हवाई दलातून निवृत्त होऊन शिक्षक झालेल्या जॉन सॅक्सन यांनी तो घडवला. प्रत्येक पाठात नवा भाग थोडासा असतो आणि उदाहरणसंग्रहात बहुतेक उदाहरणे मागच्या पाठांवरची असतात. आज शिकलेली वजाबाकी पुढे कित्येक पाठ पुन्हा पुन्हा समोर येते. विसरभोळ्या मुलाला याचा आधार वाटतो. पण एकदा कळलेले पुन्हा पुन्हा करण्याचा ज्याला कंटाळा आहे, त्याला यात गणिताचीच नावड लागू शकते, आणि ती नावड कच्च्या पाढ्यांपेक्षा फार जास्त नुकसान करते.

तिसऱ्या मुलाला आव्हान हवे. ‘बीस्ट अकॅडमी’ची पुस्तके चित्रकथेच्या रूपात आहेत आणि सोबतच्या सराव-पुस्तकातली कोडी मोठ्यांनाही विचार करायला लावतात. इथे न सुटलेल्या उदाहरणासमोर शांत बसता येणे महत्त्वाचे. जे मूल उत्तर चुकले की रडवेले होते, ते कितीही हुशार असले तरी त्याच्या हाती हे पुस्तक पहिल्यांदा देऊ नये.

या सर्वांच्या मधोमध ‘सिंगापूर मॅथ’ येते. सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाने १९८०च्या दशकात आपल्या शाळांसाठी तयार केलेली ही पद्धत आधी वस्तू, मग चित्र आणि शेवटी अंक या क्रमाने जाते. तिच्यामागे जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाचा विचार आहे. तिची खरी ताकद शाब्दिक उदाहरणांत दिसते. ‘मीराकडे रवीच्या तिप्पट गोट्या आहेत, दोघांच्या मिळून ४८’ असे उदाहरण आले की मूल रवीसाठी एक पट्टी आणि मीरासाठी तेवढ्याच तीन पट्ट्या काढते. चार पट्ट्या म्हणजे ४८, म्हणून एक पट्टी १२ ची. म्हणजे रवीकडे १२ आणि मीराकडे ३६. ‘क्ष मानू’ म्हणायच्या कितीतरी आधी बीजगणिताची दिशा कळते. उदाहरण वाचून ‘यात बेरीज की गुणाकार?’ असे विचारणाऱ्या मुलांसाठी याहून चांगला उपाय मिळणे कठीण.

परदेशी पुस्तक घेताना मराठी घरांनी काही गोष्टी पारखून घ्याव्यात. अमेरिकी पुस्तकांत इंच, पौंड, डॉलर येतात आणि मोठ्या संख्या मिलियनमध्ये जातात. लाख-कोटी आणि १,००,००० असा स्वल्पविराम पालकांनाच वेगळा शिकवावा लागतो. दुसरी अडचण संख्यावाचनाची. मराठीत आपण ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी उच्चारतो, पण लिहिताना दशक आधी लिहितो. त्यामुळे मुले २१ च्या जागी १२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन जोडरूपाने आले तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागची हीच अडचण समजावून सांगितली होती. घरी शिकवताना ही दोन्ही वाचने शेजारी ठेवायला काहीच हरकत नाही.

बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तके त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. एनसीईआरटीची २०२४ पासूनची नवी पुस्तके, विशेषतः सहावीचे ‘गणित प्रकाश’, मुलाला नमुने शोधायला आणि स्वतः प्रश्न विचारायला लावतात. ज्या घरी पालकांना गणिताची गोडी आहे, तिथे ही पुस्तके आणि थोडा जादा सराव एवढ्यावर भागते. पालकांनाच धास्ती असेल तर पायरी-पायरीने काय बोलायचे ते सांगणारी शिक्षक-पुस्तिका किंवा व्हिडिओ असलेला अभ्यासक्रम घ्यावा. स्वतःची पारख सोपी आहे. पावणेदोन भागिले अर्धा यावर रोजच्या व्यवहारातली एक गोष्ट रचून पाहावी. रीत आठवते पण गोष्ट सुचत नाही, अशी स्थिती असेल तर शिक्षक-पुस्तिकेवर खर्च करणे रास्तच.

मुलाला मनापासून प्रयत्न करूनही संख्यांचा लहान-मोठेपणा कळत नसेल, रोजचे पाढे दुसऱ्या दिवशी पुसले जात असतील, तर पुस्तक बदलत बसू नये. अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी.

परीक्षेचा विचार साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी सुरू करावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर बसता येते. तिथे पाच विषय निवडायचे असतात आणि गणित त्यांत असलेच पाहिजे असे नाही. मराठी माध्यमाचीही सोय आहे. मात्र पुढे अभियांत्रिकीकडे जाण्याची इच्छा असेल, तर गणित सोडू नये आणि परीक्षेआधीची दोन वर्षे त्याच संस्थेच्या पुस्तकांवर घालवावीत.

संच विकत घेण्याआधी बहुतेक प्रकाशकांची नमुना-पाने आणि पातळी ठरवणारी चाचणी संकेतस्थळावर मिळते. ती चाचणी मुलाकडून सोडवून घ्यावी, नमुन्याचा एक पाठ मुलासोबत बसून पूर्ण करावा आणि चाचणीतून निघालेली इयत्ता वयापेक्षा खालची आली, तरी तिथूनच सुरुवात करावी.