नळीतल्या अन्नावरचा आळ

अतिदक्षता विभागात नाकातल्या नळीतून अन्न घेणाऱ्या रुग्णाला जुलाब सुरू झाले, की पहिला संशय फीडवर जातो आणि फीड थांबते. दाट द्रव आतड्यात पाणी ओढून घेतो, हा तर्क ऐकायला पटण्यासारखा होता. म्हणूनच सुरुवातीचे काही दिवस फीडमध्ये पाणी घालून ते सौम्य करण्याची पद्धत रूढ झाली. १९८४ मध्ये केओहेन आणि सहकाऱ्यांनी ११८ रुग्णांवर ही पद्धत तपासून पाहिली. पाणी घातल्याने जुलाब काही टळले नाहीत, पोषण मात्र घटले. जुलाबांचा संबंध दिसला तो सोबत चालू असलेल्या प्रतिजैविकांशी. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एडिस यांच्या गटाने नळीने अन्न घेणाऱ्या १२३ रुग्णांचा मागोवा घेतला. ३२ जणांना जुलाब झाले, २९ जणांचे कारण सापडले. त्यांत ६१ टक्के वाटा औषधांचा, १७ टक्के क्लॉस्ट्रिडियम डिफिसील जंतूचा आणि फीडचा २१ टक्के. औषधांतला मुख्य गुन्हेगार होता सॉर्बिटॉल, म्हणजे पातळ औषधे गोड करणारा, पण आतड्यात नीट न शोषला जाणारा पदार्थ. गंमत अशी, की नळी आहे म्हणूनच गोळीऐवजी सिरप दिले जाते. जुलाब नळीवाल्यांना होतात हे खरे, पण नळीतून अन्नाखेरीज आणखीही बरेच काही जाते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. २१ टक्के म्हणजे शून्य नव्हे. फ्रान्समधल्या न्यूट्रिरिया-२ चाचणीत (२०१८) शॉकमधल्या रुग्णांना लवकर, पूर्ण प्रमाणात नळीने अन्न दिल्यावर उलट्या-जुलाब वाढले, काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाही खुंटला. पण तिथे प्रश्न रक्त कमी पोहोचणाऱ्या आतड्यावर टाकलेल्या पूर्ण भाराचा होता. स्थिरावलेल्या रुग्णाला उपाशी ठेवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. २०२२ च्या एका मोठ्या पाहणीत १,१०९ रुग्णांमध्ये नळीने अन्न आणि जुलाब यांचा संबंध पुन्हा दिसला, पण तो प्रतिजैविकांशी आणि गुदद्वारातून दिल्या जाणाऱ्या औषधांशीही दिसला. शिवाय जुलाब कशाला म्हणायचे, ही व्याख्या बदलली की त्यांचे प्रमाणही बदलत होते. आकड्यांवरून भांडणाऱ्यांनी आधी हे पाहावे.

अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना जुलाब होताच फीड बंद करू नका, कारण शोधत असताना ते चालूच ठेवा, असे सांगतात. शोधाची सुरुवात औषधांच्या तक्त्यापासून व्हावी. आधी कधी बद्धकोष्ठतेसाठी लिहिलेले लॅक्टुलोज तिथे अजून चालू असू शकते.