मोटारीचें तेल गळतें कोठून?

श्रोतेहो, मी रिठदचा एक निवृत्त शाळामास्तर. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशीं नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि पुढें मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत आयुष्य गेलें. तरीहि आज मोटारीविषयीं बोलण्याचें धाडस करीत आहें. कारण आमच्या अंगणांतील एका काळ्या डागानें मला जें शिकविलें, तें शहरांतील मोटारधारकांसहि उपयोगी पडेल.

माझ्या पुतण्यानें आदल्या संध्याकाळीं घरच्या मोटारीचें इंजिन-तेल स्वहस्तें बदललें व इंजिन क्षणभर चालवून पाहिलें. सकाळीं वाशीमला निघावयाचें, तर मोटारीखालीं तळहाताएवढा डाग! त्यानें लगेच पाना उचलला. "काका, बुडचा नट सैल राहिला असावा, आणखी एक फेरा आवळतों." मीं त्याला थांबविलें. गणिताचें उत्तर चुकलें, तर चूक कोणत्या पायरीवर झाली हें आधीं पाहावें लागतें.

तेल जेथें ठिबकतें तेथूनच तें निघालें असेल असें नाहीं. वरून निघालेलें तेल पत्र्यावरून ओघळत सर्वांत खालच्या टोकाशीं येतें. धांवत्या मोटारींत वारा त्यास मागें नेतो. म्हणून प्रथम पट्टीनें तेलाची पातळी पाहावी. ती खालच्या खुणेच्या वर असेल तरच पुढें जावें. मग खालचा भाग चिंधीनें कोरडा पुसावा, पुठ्ठा अंथरावा, इंजिन मिनिटभर चालवावें आणि उगम शोधावा. मात्र नुसत्या जॅकवर पेललेल्या मोटारीखालीं कोणीं शिरूं नये. भक्कम आधार द्यावा.

तेल बदलतांना हात लागतो तो मुख्यतः ३ जागीं. पहिली, चेंबरच्या बुडचा नट. तेथील तेलावर पंपाचा दाब नसतो; म्हणून तेथील थेंब इंजिन बंद असतांहि पडत राहतात. बहुधा जुना, चेपलेला वायसर हेंच त्याचें कारण. तो नवा घालावा. नुसतें आवळीत गेल्यास आटे जातात आणि वायसरापायीं सबंध चेंबर बदलण्याची पाळी येते. दुसरी जागा ऑइल फिल्टरची. ही गाळणी मोटारींत आणण्याचें श्रेय १९२३ सालच्या शोधाबद्दल अर्नेस्ट स्वीटलंड या अमेरिकी संशोधकास दिलें जातें. तिच्यांतून तेल पंपाच्या दाबानें जातें. म्हणून तेथील गळती इंजिन चालू होतांच जोर धरते. तिसरी जागा तेल ओतण्याचें तोंड. तेथें झांकण तिरपें बसलें असेल, किंवा ओततांना तेल सांडलें असेल. नुसतें सांडलेलें तेल पुसल्यावर पुन्हा दिसत नाहीं.

आमच्या पुठ्ठ्यावर इंजिन बंद असतां एकहि थेंब पडला नाहीं. चालू करतांच फिल्टरच्या कडेनें ओघळ सुरू झाला. इंजिन तात्काळ बंद केलें. फिल्टर काढून पाहतों, तों जुन्या फिल्टरचें रबरी कडें इंजिनालाच चिकटून राहिलेलें, आणि त्यावर नव्याचें दुसरें! अशीं दोन कडीं एकावर एक धड बसत नाहींत. दाबानें एखादें सरकलें तर भर रस्त्यांत थोड्याच वेळांत चेंबर रिकामें होतें. जुनें कडें काढलें, बैठक पुसली, नव्या कड्याला तेलाचें बोट फिरविलें आणि तें टेकल्यावर फिल्टर हातानेंच सुमारें पाऊण फेरा आवळला. फिल्टरवर निराळी सूचना असल्यास तीच प्रमाण मानावी. मग कमी झालेलें तेल भरलें, पुन्हा पुठ्ठा पाहिला. तो कोरडा होता.

पुतण्या बुडचा नट आवळून निघाला असता तर? तेलाच्या झारीचें तांबडें चिन्ह वाटेंत पेटलें असतें. तें तेल घटूं लागल्याची आगाऊ सूचना देत नाहीं. तेलाचा दाबच गेला, असें सांगतें. त्यानंतर धातूवर धातू घासतो आणि इंजिन जखडतें. चिन्ह दिसतांच मोटार बाजूस घ्यावी व इंजिन बंद करावें. 'गांव जवळच आहे' असें म्हणून पुढें जाऊं नये.

काढलेलें तेल गटारांत वा विहिरीजवळ ओतूं नये. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेलें तेलहि येतें. तें डब्यांत भरून अधिकृत संकलकाकडे द्यावें.

आतां आमचा पुतण्या जुना फिल्टर हातांत येतांच त्याचें कडें त्यालाच आहे ना, हें आधीं पाहतो. आपणहि तेवढें पाहावें.