मानेतली नस, हातातली कळ आणि मणक्यातलं इंजेक्शन



गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं आपल्याला पाठ असतात. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलीच्या कॉलेजची फी. आता त्यात एक भर पडली आहे, ‘मानेतल्या इंजेक्शनसाठी’. असा अर्ज वाचून दाखवला की बैठकीत लगेच दोन तट पडतात. एक म्हणते, “बाई, मणक्यात सुई नको, जन्माची लुळी पडशील.” दुसरी म्हणते, “माझ्या जावेनं घेतलं, पंधरा दिवसांत भाकरी थापायला लागली.” दोघी खोटं बोलत नाहीत. पण एवढ्या ऐकीव गोष्टीवर कुणी कर्ज काढावं किंवा घाबरून नको म्हणावं, हे मला पटत नाही. म्हणून आज या इंजेक्शनबद्दलच बोलू.

आपल्या मानेत 7 मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते आणि बाजूच्या फटींतून नसा निघून खांद्यावरून हातात उतरतात. गादी सरकली, किंवा वयानं मणक्याची कड वाढली, की त्या फटीत नस दबते. तिच्या मुळाशी सूज येते आणि ती चिडते. आपल्याकडे याला ‘मणक्यात गॅप पडला’ म्हणतात. खरं तर उलटं असतं, तिथली जागा कमी झालेली असते. बिघाड मानेत आणि कळ हातात, हे कसं, असं विचाराल तर विहिरीवरची मोटर आठवा. बिघाड स्टार्टरच्या पेटीत असतो, पण पाणी बंद पडतं ते रानातल्या सरीत.

ही कळ ओळखायची कशी? मानेपासून किंवा खांद्याच्या मागून निघून ती विजेच्या झटक्यासारखी हातात जाते. मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. कुठली नस दबली त्यावर बोट ठरतं. अंगठा आणि पहिलं बोट, किंवा मधलं बोट, किंवा करंगळी. मान मागे करून दुखऱ्या बाजूला वळवली की कळ वाढते. आणि गंमत म्हणजे डोक्यावर हात ठेवून बसलं की बऱ्याच जणींना बरं वाटतं, कारण त्यानं नसेवरचा ताण कमी होतो. सासू म्हणेल, डोक्याला हात लावून काय बसलीस, घरात अवदसा आणशील. तिला सांगा, डॉक्टरही हीच खूण विचारतात.

प्रत्येक हातदुखी मात्र मानेतली नसते. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, तर खांदा आखडलेला असू शकतो. साखर असलेल्या बायकांमध्ये हे बरंच दिसतं. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. त्यांचे उपचार वेगळे. आणि डाव्या हातात कळ येऊन छाती दाबल्यासारखी वाटली, घाम फुटला, तर मानेचा विचारच करायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आता एक दिलासा देणारी गोष्ट. मानेतली नस दबलेल्या बहुतेक जणींना काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत, ऑपरेशन न करता आराम पडतो. सरकलेला गादीचा तुकडा हळूहळू आक्रसतो, सूज उतरते. तेवढ्या काळात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, शिकवलेले व्यायाम, आणि डोक्यावरचा हंडा, पाटी, सरपणाची मोळी बंद. (हे शेवटचं सांगणं सोपं आहे, मला माहीत आहे. घरातल्या माणसांनी ऐकावं म्हणून मुद्दाम रेडिओवर सांगते.) मानेला झटका देऊन ‘नस मोकळी’ करणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

मग इंजेक्शन कधी? गोळ्या-व्यायाम करूनही पाच-सहा आठवडे कळ हटत नाही, झोप लागत नाही, तेव्हा डॉक्टर ते सुचवतात. त्यातलं औषध असतं स्टेरॉइड. ते नसेच्या मुळाजवळ सोडलं की तिथली सूज उतरते. गादी जागेवर बसत नाही, वाढलेलं हाड झिजत नाही. मिळतो तो आराम, कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने, आणि कुणाला काहीच नाही. आरामाच्या काळात नीट झोप होते, व्यायाम करता येतो आणि दुखणं आपल्या वाटेनं बरं व्हायला वेळ मिळतो. ‘एक सुई आणि कायमची सुटका’ असं कुणी सांगत असेल तर त्या माणसावर विश्वास ठेवू नका.

आणि हे गावातलं ‘पॉवरचं इंजेक्शन’ नव्हे. कमरेत डेक्साची सुई टोचली की दोन दिवस हलकं वाटतं, म्हणून कित्येक जणी दर महिन्याला घेतात. तेही स्टेरॉइडच, पण ते अंगभर पसरतं. वारंवार घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो.

मणक्यातलं इंजेक्शन ऑपरेशनच्या खोलीत, चालू एक्स-रे मशीनखाली देतात. आधी थोडा रंग सोडून सुई योग्य जागी आहे ना ते पडद्यावर बघतात, मग औषध. तुम्हाला जागं ठेवतात, म्हणजे हातात चमक आली तर लगेच सांगता येतं. सुई घालायच्या वाटा दोन. एक मानेच्या मागून, खालच्या बाजूनं. दुसरी बाजूनं, नस बाहेर पडते त्या फटीतून. त्या फटीजवळून मेंदूकडे आणि मज्जारज्जूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. दाणेदार स्टेरॉइड चुकून त्यात गेलं तर झटका, लकवा, मृत्यूसुद्धा होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलेलं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2014 मध्ये मणक्यातल्या स्टेरॉइडबाबत तसा इशाराच दिला. लुळी पडशील म्हणणाऱ्या बाईची भीती इथून येते.

म्हणून कर्जाच्या अर्जाआधी डॉक्टरांना विचारून या. एमआरआयमध्ये दिसलेली नस आणि माझं दुखणारं बोट जुळतं का? (न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गाद्या सरकलेल्या दिसतात.) सुई मागून देणार की बाजूनं? बाजूनं असेल तर औषध बिनदाण्याचं आहे का? मशीनखाली देणार ना? एकूण खर्च किती, तो कागदावर लिहून द्या. सरकारी योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. तीन इंजेक्शनांचं पॅकेज आधीच घेऊ नका. पहिल्याचा काडीचा उपयोग झाला नाही तर दुसऱ्यासाठी पैसे कशाला?

साखर असेल तर सांगा, कारण इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते आणि रोज तपासावी लागते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, अंगात ताप असेल, दिवस गेले असतील किंवा शंका असेल, तर लाजू नका, बोला. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही.

हातातली पकड गेली, भांडी सुटायला लागली, ब्लाउजचे हुक लावता येईनात, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहत नाही, अशा वेळी इंजेक्शनची वाट बघू नका. मज्जारज्जूच दबला असू शकतो. लगेच मणक्याच्या डॉक्टरांकडे जा.

इंजेक्शनला जाताना सोबत कुणीतरी हवं. परत येताना गाडी स्वतः चालवू नका. पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, औषध लागू पडायला काही दिवस जातात. चेहरा लाल होणं, झोप न येणं, पाळी मागेपुढे होणं हे काही जणींना होतं आणि आपोआप थांबतं. पण ताप आला, मान ताठ झाली, डोकं असह्य दुखू लागलं किंवा हातापायांतली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. इंजेक्शनचा कागद बरोबर घ्या. कुठलं औषध, किती आणि कुठल्या मणक्याजवळ दिलं, हे त्यावर लिहून घेतलेलं असू द्या.